सागवानी खणांचा वारसा

मराठवाड्यातील माळवदाच्या जुन्या घरांवर ३० सप्टेंबर १९९३ रोजी जो ठपका बसला, तो आजतागायत पुसला गेलेला नाही. त्या दिवशी पहाटे चारच्या सुमारास किल्लारीच्या परिसरात धरणीकंप झाला, लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील हजारो माणसे झोपेतच दगडमातीखाली गाडली गेली, आणि ज्यांनी आपले आप्त स्वतःच्याच घराच्या ढिगाऱ्यातून उपसून काढले त्यांच्या मनात त्या घराविषयी ममत्व उरले नाही, यात नवल ते काय! तथापि पुढे पडझडीची पाहणी करणाऱ्या अभियंत्यांना एक गोष्ट वारंवार आढळली, जी जनमानसात मात्र रुजली नाही: कित्येक ठिकाणी भिंती फुटून ढासळल्या होत्या, पण लाकडाचा सांगाडा माळवद तोलून उभा होता.

या घराचे मर्म त्या सांगाड्यातच आहे. दगडी उथळ्यांवर सागाचे खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या आणि त्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर, अशी ही खणाखणांची बांधणी. छपराचा भार खांबांनी वाहावा आणि भिंतीने केवळ आडोसा द्यावा, असा तिचा मूळ संकेत. दोष होता तो भिंतीत. तिच्या आतल्या व बाहेरच्या दगडी थरांना सांधणारा आरपार दगड नसे, चिखलाच्या जोडाला बळ नसे, आणि गळती थांबावी म्हणून पावसाळ्यापूर्वी वेळोवेळी चढवलेल्या मातीने माळवदाचे ओझे पिढ्यान्‌पिढ्या वाढत गेलेले असे. सांगाडाही सर्वस्वी निर्दोष नव्हता. खांब-तुळईच्या कोनात तिरके टेकू नसल्याने काही सांगाडे कलले. म्हणूनच भूकंपोत्तर मजबुतीकरणात असे टेकू बसवणे, भिंतींत आरपार जोड घालणे आणि माळवदावरील माती कमी करणे हे उपाय सुचवले गेले. घर मुळासकट पाडल्यावाचून गत्यंतर नाही, ही समजूत भीतीतून आली होती, शास्त्रातून नव्हे.

काळ पालटला तरी ही बांधणी टिकून होती. निजामाच्या अमदानीत, विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर, मनमाड–सिकंदराबाद लोहमार्ग नांदेडवरून गेला. १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी लातूरला पोहोचली आणि १९१७ मध्ये तेथील गंजगोलाई ही बाजारपेठ उभी राहिली. व्यापाराने कसब्यांचे रूप पालटू लागले होते, तरी सुताराचे हे शास्त्र मोडले नाही. किनवट-माहूरकडची सागाची राने नांदेडच्याच मुलखातली. सागाचा टिकाऊपणा येथील सुताराला कोणी शिकवण्याची गरज नव्हती.

अशा साध्या घरांनाही वारसा मानल्याचे उदाहरण परदेशात आहे. त्याच सुमारास, म्हणजे इंग्लंडच्या गादीवर सातवा एडवर्ड असताना, ऑस्ट्रेलियातील लहान गावांत लाकडी घरे बांधली गेली. तेथील व्हिक्टोरिया राज्यात अशा कित्येक घरांना स्थानिक नियोजन आराखड्यातच वारशाचे संरक्षण लाभले आहे, मग त्या घरात कोणी थोर पुरुष जन्मलेला असो वा नसो. आपल्याकडे कंधार, उदगीर, औसा येथील किल्ल्यांचे मोल सर्वांना पटते. मुंबईने १९९५ मध्ये वारसा-इमारतींची नियमावली केली. पण तालुक्याच्या गावातील चौसोपी वाडा अद्याप केवळ मालमत्ताच राहिला. वाटणीपत्र झाले, वारस शहरात गेले, की जुने सागवान विकत घेणारा दारी येतोच.

त्या विक्रीचे मला अतिशय दुःख होते. कोरीव खांब एखाद्या उपाहारगृहाच्या दर्शनी भागात शोभेलही, परंतु उथळ्यावर तो कसा बसवला होता, तुळईशी त्याचा सांधा कसा जुळला होता, हे ज्ञान सांगाडा सुटताच लयास जाते, आणि वारसा म्हणून जपण्याजोगे जे आहे ते हेच. मालकाच्या हक्काला बाध न आणताही नगरपालिकेला एवढे खचित करता येईल की पाडकामाच्या परवानगीपूर्वी प्रत्येक जुन्या वाड्याची मोजमापे, नकाशा व सांध्यांची छायाचित्रे दफ्तरी दाखल व्हावीत, आणि जो मालक घर राखू इच्छितो त्याला मजबुतीकरणासाठी अभियंत्याचा सल्ला विनामूल्य मिळावा.