वाद्यावरचा स्टिकर निघाला, पण गोंद राहिला? नेलपेंट रिमूव्हर घेण्याआधी हे वाचा

समजा, तुम्ही सेकंडहँड ट्रम्पेट घेतला. वाद्य मस्त आहे, पण पुढच्या कर्ण्यावर आधीच्या मालकाने लावलेला स्टिकर आहे. नखाने ओढला तर वरचा कागद निघाला आणि खाली उरला काळपट, चिकट थर. आता पहिला विचार येतो नेलपेंट रिमूव्हरचा. तिथेच थांबा.

गोंद इतका हट्टी का होतो?

स्टिकर आणि टेपचा गोंद नवा असताना मऊ असतो. वर्षं जातात तसा हवेतल्या ऑक्सिजनचा आणि उष्णतेचा त्याच्यावर परिणाम होतो. काही गोंद कडक होतात, काही चिघळतात आणि धूळ धरून काळे पडतात. हे गोंद पाण्यात सहसा विरघळत नाहीत, म्हणून नुसत्या ओल्या फडक्याने काम होत नाही. तेल मात्र त्यात मुरतं आणि त्याची पकड सैल करतं.

खरा प्रश्न गोंदाखाली काय आहे, हा

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त यांचा मिश्रधातू. ट्रम्पेट, सॅक्सोफोनच्या पितळेवर बहुतेक वेळा लॅकरचा पारदर्शक थर असतो. काही वाद्यांवर चांदीचा किंवा निकेलचा मुलामा असतो. अनेक नेलपेंट रिमूव्हरमध्ये आणि काही थिनरमध्ये अॅसिटोन असतं. लॅकर जुन्या प्रकारचं असेल तर अॅसिटोन गोंदासोबत तेही विरघळवतं. मग उघड्या पडलेल्या पितळेला घाम लागतो आणि तिथे डाग पडतात. तेवढ्याच जागी पुन्हा लॅकर मारलं तरी ठिगळ सहसा दिसतंच.

पॉलिश पेपर, तारेची घासणी आणि पितळी भांड्यांची पावडरही नको. त्यांनी गोंद निघतो, पण लॅकर आणि मुलामाही झिजतो.

मग करायचं काय?

सौम्य उपायापासून सुरुवात करा.

१. हेअर ड्रायर कमी उष्णतेवर ठेवून अर्धा मिनिट गरम हवा द्या. गोंद मऊ झाला की अंगठ्याने गोळा करत काढा. जवळ बूच, पॅड किंवा चामडं असेल तर ही पायरी सोडा.

२. कापडावर थोडं खोबरेल तेल घेऊन ते फक्त डागावर लावा. १५-२० मिनिटं थांबा आणि मऊ सुती कापडाने पुसा. एकदा जमलं नाही तर पुन्हा करा, जोर लावू नका.

३. सौम्य साबणाच्या पाण्यात कापड बुडवून घट्ट पिळा, तेलकटपणा पुसा आणि लगेच कोरडं करा.

४. तरीही राहिलं तर आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरता येतं. आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात थेंबभर लावून बघा. खिडकी उघडी ठेवा आणि जवळ गॅस किंवा उदबत्ती नको. सॅक्सोफोनचे पॅड अनेकदा लाखेने बसवलेले असतात आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, म्हणून पॅडच्या आसपास ते लावू नका.

पेटीच्या सुरांना हात लावू नका

घरातल्या जुन्या पेटीची कडी किंवा बिजागरी वरच्या पद्धतीने साफ करा. पण आतल्या पितळी सुरांवर, म्हणजे रीडवर, गोंद दिसला तर हा प्रयोग नको. रीडची पातळ पट्टी एका टोकाला पक्की असते आणि दुसरं टोक हवेने थरथरतं. मोकळ्या टोकाशी खरवडलं तर पट्टी हलकी होऊन सूर चढतो. पक्क्या टोकाशी खरवडलं तर ती लवचीक होऊन सूर उतरतो. तेल राहिलं तर धूळ बसते आणि आवाज बिघडतो. हे काम पेटी दुरुस्त करणाऱ्याकडेच द्या.

गोंदाचा डाग आणखी आठवडाभर राहिला तर वाद्याचं काही बिघडत नाही. पण घाईत गेलेलं लॅकर किंवा बिघडलेला सूर घरच्या घरी परत आणता येत नाही.