उन्हाच्या देशातल्या द्राक्षवेली: रेणापूर ते मोटेवाडी

लातूर-अंबाजोगाई रस्त्यावरच्या रेणापुरात जानेवारीतसुद्धा सकाळी नऊला ऊन डोळ्यांवर येतं. रेणा नदीचं पात्र, रेणुकादेवीचं देऊळ, हरभऱ्याची रानं, कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या ट्रॉल्या, सगळ्यांवर तेच लख्ख ऊन. इथून पश्चिमेला, सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यात, ऊन असंच आहे आणि पाऊस याहूनही कमी. त्याच कोरड्या माळावर मोटेवाडी नावाचं गाव आहे आणि तिथल्या द्राक्षांची वाइन देशभर जाते. सॅक पाठीवर टाकून एसटी, रेल्वे आणि पायी असा हा प्रवास मराठवाड्यातल्या कुणालाही सहज जमेल.

पहिला टप्पा लातूर. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेच्या टँकरनी या शहराला पाणी आणावं लागलं. ते टँकर ज्या दिशेने आले, त्याच दिशेने आता आपण निघायचं. लातूर-कुर्डुवाडी हा मार्ग म्हणजे जुनी बार्शी लाइट रेल्वे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने अडीच फूट रुंदीचा हा रूळ १८९७ मध्ये बार्शीपर्यंत आणला आणि १९११ मध्ये तो लातूरला पोहोचला. २००८ पर्यंत त्याचं ब्रॉडगेज झालं. वाटेत धाराशिवची लेणी आणि बार्शीचं भगवंत मंदिर ही दोन ठिकाणं उतरून पाहण्यासारखी आहेत.

बार्शीहून एक फाटा सोलापूरच्या रस्त्याने नान्नजकडे जातो. नान्नज माळढोक अभयारण्यासाठी प्रसिद्ध आहे. गवताळ माळावर काळवीट दिसतात, नशीब असेल तर लांडगाही दिसतो. द्राक्षवाल्यांना मात्र हे गाव नानासाहेब काळे यांच्यामुळे माहीत आहे. सोनाका आणि शरद सीडलेस हे वाण त्यांनी याच मातीत निवडून वाढवले. प्रयोगशाळा नव्हती, रोज बाग न्याहाळणाऱ्या शेतकऱ्याने वेगळी दिसलेली काडी जपली आणि त्यातून वाण उभा राहिला.

कुर्डुवाडीहून टेंभुर्णीमार्गे अकलूजला एसटी जाते. नीरेकाठचं अकलूज उसाचं गाव. इथे भुईकोट किल्ला आहे आणि आषाढीच्या वारीत तुकोबांच्या पालखीचं गोल रिंगणही इथेच होतं. जवळच्या वेळापूरला यादवकाळातलं अर्धनारीनटेश्वराचं देऊळ आहे. कालव्याचा हिरवा पट्टा मागे पडला की मुरमाड माळ सुरू होतो, आणि त्या माळावर तारांना बांधलेल्या वेलींच्या सरळ रांगा दिसू लागतात.

मोटेवाडीच्या या बागा फ्रातेल्ली वाइन्सच्या. इटलीचे सेच्ची बंधू, दिल्लीचे सेखरी बंधू आणि अकलूजचे मोहिते-पाटील बंधू यांनी मिळून २००७ च्या सुमारास त्या उभ्या केल्या. टस्कनीचे वाइनतज्ज्ञ पिएरो मासी यांनी इथली वाइन घडवली. टस्कनीची सांजोवेझे आणि फ्रान्सची काबर्ने सोव्हिन्यों ही द्राक्षं इथे रुजली. त्या दोहोंच्या मिश्रणातून झालेली ‘सेत्ते’ ही या माळाची सर्वांत नावाजलेली वाइन.

इथेच का, याचं उत्तर पावसात आहे. सह्याद्रीने अडवलेले ढग इकडे येईपर्यंत रिकामे होतात; वर्षाला जेमतेम पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. खाण्याच्या द्राक्षाला मोठा, टपोरा मणी हवा. वाइनच्या द्राक्षाचं गणित उलटं आहे: मणी लहान, साल जाड, आत बी. रंग आणि चव बरीचशी त्या सालीत असते. ठिबकने पाणी मोजून दिलं की वेल पानं वाढवत बसत नाही आणि मण्यात साखर भरते. हवा कोरडी असल्याने डाऊनी या रोगाचा त्रास आटोक्यात राहतो. दिवसा कडक ऊन आणि रात्री गारवा, यामुळे गोडीबरोबर आंबटपणाही टिकतो.

अर्जेंटिनातलं मेंडोसा याच तत्त्वावर जगप्रसिद्ध झालं. तिथे ढग अडवायला अँडीज पर्वत आहे आणि पाऊस दोनशे मिलिमीटरच्या आसपास. बर्फाचं पाणी पाटांनी आणून तिथले लोक माल्बेक पिकवतात आणि जगभरचे तरुण पाठीवर सॅक घेऊन त्या बागा पाहायला जातात. तिथे वेली हिवाळ्यात निजतात. आपल्याकडे थंडी तेवढी पडत नाही, म्हणून वर्षाला दोन छाटण्या: एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळ छाटणी. दुसरीनंतर लागलेले घड जानेवारी ते मार्चमध्ये उतरतात.

ऊस आणि दुष्काळ दोन्ही ओळखणाऱ्या रेणापूरकरांनी ही बाग वाइन न पिताही पाहावी. उसापेक्षा किती तरी कमी पाण्यात उभं राहणारं आणि प्रक्रियेमुळे किंमत वाढणारं पीक कसं चालतं, हे इथे एका दिवसात समजतं. मात्र रोपांचा, तारांचा खर्च मोठा आहे आणि वाइनरीशी करार नसेल तर ही द्राक्षं बाजारात विकता येत नाहीत, हेही तिथेच विचारून घ्यावं.

बाग आणि वाइनरी पाहण्यासाठी आधी नोंदणी करावी. दुपारी बारा ते तीन चालू नये, पाणी जवळ ठेवावं, घडांना हात लावू नये. मार्च सरता सरता वेली रिकाम्या होतात, तेव्हा संक्रांत आटोपली की लगेच निघावं.