मावशी, ब्रेक लागला

कंपनीचं कॅन्टीन माझ्या धंद्याच्या मुळावर उठलेलं, तरी खरं तेच सांगते. रांजणगाव एमआयडीसीत काय आवडतं असं पोरांना विचारलं, तर बहुतेक जण पहिलं नाव कॅन्टीनचं घेतात. 1948 च्या कारखाना कायद्यानं अडीचशेच्या वर कामगार असले की कॅन्टीन चालवावंच लागायचं, आणि तेही नफा न कमावता. पगारातून नावापुरते पैसे कापून पोटभर जेवण, वर ताक. त्या दरात मी टिकायची कशी? पण शिफ्टमध्ये जेवण एकदाच होतं. उरलेल्या वेळेला पोरं माझ्या कारेगावच्या खानावळीत येतात, आणि एचआरच्या साहेबाला जे सांगत नाहीत ते भाकरी मोडता मोडता मला सांगतात.

माझ्या पंगतीला सगळ्या रंगांचे शर्ट असतात. पुणे-नगर रस्त्याच्या या पट्ट्यात व्हर्लपूलचे फ्रीज होतात, एलजीचा कारखाना 2004 मध्ये आला, 2007 मध्ये हायरनं अँकर-देवूचा फ्रीजचा कारखाना घेतला. जाबिलमध्ये इलेक्ट्रॉनिक्सची जुळणी चालते. फियाटच्या कारखान्यातल्या मोटारी त्या वेगळ्याच. कुठल्या कंपनीत कसं, हे मी नावानिशी सांगणार नाही. मला इथंच राहायचंय, आणि पोरांनाही.

कॅन्टीननंतर बसचं नाव येतं. शिरूर, शिक्रापूर, थेट पुण्यापर्यंत बस जाते. थंडीत पहाटे मोटरसायकलवरून हायवेला जायचं नाही, याचं मोल घरी वाट बघणाऱ्या आईला विचारा. त्यानंतर एसी. सर्किटच्या पट्ट्यांवर काम करणाऱ्या मुली गारव्याचं फार कौतुक करतात. भर मे महिन्यात आमचा पत्रा तापलेला असतो आणि या स्वेटर घालून कामाला निघतात. त्यांच्यातल्याच एकीनं मला समजावलं, "मावशी, तो एसी आमच्यासाठी नाही. सोल्डरची पेस्ट आणि बारके सुटे भाग यांना हवा ठरावीक लागते." मनगटाला पट्टा बांधून तो जमिनीशी जोडायचा, म्हणजे अंगातली स्थिर वीज चिपला मारत नाही. एवढी बडदास्त चिपची. पण गारवा तर मिळतो ना, असं म्हणून ती हसली.

कामाचा अभिमानही असतो, हे बाहेरच्यांना पटत नाही. फ्रीजच्या लाइनीवर ब्रेझिंग म्हणून काम असतं: कॉम्प्रेसरच्या तांब्याच्या नळ्या ज्योतीवर जोडायच्या. जोड कच्चा राहिला तर गॅस हळूहळू निघून जातो, आणि आजकाल बऱ्याच घरगुती फ्रीजमध्ये आयसोब्युटेन भरतात, तो पेट घेणारा. म्हणून हे काम कुणालाही देत नाहीत. माझ्याकडं जेवणाऱ्या एका ब्रेझरनं गावी आईसाठी फ्रीज घेतला. दुकानात सगळे दाराचा रंग बघत होते आणि हा पठ्ठ्या फ्रीज फिरवून मागचे जोड तपासत बसला.

नावडतं काय, तर लाइनीचा वेग. पट्टा सरकत राहतो, तेवढ्या सेकंदात आपले स्क्रू आवळून झालेच पाहिजेत. लघवीला जायचं तर रिलीव्हर येईपर्यंत थांबायचं. थर्ड शिफ्ट करून आलेला पोरगा सकाळी समोरच्या ताटाकडं नुसता बघत बसतो. त्याला आग्रह करायचा नसतो, हे मला फार उशिरा कळलं.

ओव्हरटाइमबद्दल मात्र पोरांचं एकमत होत नाही. कायद्यानं ओटीला दुप्पट दर, म्हणून घरी कर्ज असलेले स्वतःहून नाव देतात. राग येतो तो शिफ्ट सुटायला थोडा वेळ असताना "आज थांबायचंय" सांगितलं की. बस निघून जाते, माझ्याकडचं जेवण वाया जातं. सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळानं कारखान्यातल्या कामाची रोजची मर्यादा 9 तासांवरून 12 वर न्यायला मान्यता दिली. आठवड्याचे 48 तास तसेच, आणि तिमाहीचा ओटी 115 वरून 144 तासांपर्यंत, कामगाराच्या संमतीनं. त्या रात्री पंगतीत जोरात वाद झाला. एक जण म्हणाला, पैसे वाढतील. दुसऱ्यानं विचारलं, "संमती नाही दिली तर उद्या गेटवर कार्ड चालेल का?" त्यावर कुणीच बोललं नाही.

माझ्या मते खरा प्रश्न त्या कार्डाचाच आहे. एकाच लाइनीवर, एकाच स्क्रूड्रायव्हरनं काम करणाऱ्या दोघांत एक परमनंट असतो, दुसरा कंत्राटी किंवा ट्रेनी. परमनंटची दुखणी वेगळी. प्रमोशन रखडलं, पगार 21 हजारांवर गेला म्हणून ईएसआयचा कामगार विमा सुटला, असली. ती मी फार मनावर घेत नाही. कंत्राटी पोराला एकच भीती, ब्रेकची. वर्षात 240 दिवस भरले की कामगाराला नोकरीवर काही हक्क सांगता येतो. म्हणून त्याआधीच, कुठं सहाव्या, कुठं सातव्या महिन्याला, कामावरून काढून ब्रेक देतात. मग दुसरा ठेकेदार, नवं कार्ड, आणि पगार पुन्हा पहिल्यापासून.

त्यातून फ्रीज आणि एसी पडले उन्हाळ्याचे. हिवाळ्यात भरती निघते, जानेवारी ते मे लाइनी जोमात चालतात, आणि आभाळ भरून आलं की माणसं कमी होतात. सीझन आमच्या तालुक्याला नवा नाही. न्हावऱ्याच्या घोडगंगा साखर कारखान्यामुळं ऊसतोडीच्या टोळ्या आम्ही वर्षानुवर्षं पाहिल्या. माझ्याकडचा बीडचा एक पोरगा आयटीआय करून आलाय. त्याचे आईवडील दसऱ्यानंतर कोयता घेऊन निघतात, तो त्यांच्या मागोमाग फ्रीजच्या सीझनला येतो. वडिलांना टोळीच्या मुकादमाकडून उचल तरी आधी मिळते, मला तीही नाही, असं तो म्हणतो. तो हे बोलला त्या दिवशी मला त्याच्याकडून महिन्याचे पैसे मागायचे होते. मागितले नाहीत.

जून-जुलैत खोल्या रिकाम्या होतात. "मावशी, ब्रेक लागला," एवढंच सांगून पोरं गादीची वळकटी बांधतात. काहींची उधारी राहते. बहुतेक जण परत येऊन फेडतात, दोघा-चौघांनी बुडवलीही आहे.

आता एमआयडीसीच्या टप्पा तीनमध्ये इलेक्ट्रॉनिक्सचं क्लस्टर होतंय. ऑक्टोबर 2022 मध्ये केंद्रानं मंजूर केलं, 297 एकर, 492 कोटींवर खर्च, आणि पहिली मोठी कंपनी आयएफबी रेफ्रिजरेशन. म्हणजे पुन्हा फ्रीजच. घरमालकांनी वरच्या मजल्याच्या खोल्या काढायला घेतल्यात. पोरं चौकशी करतात ती अशी: बस कुठवर येते, ओटी खरंच डबल मिळतो का, आणि ब्रेक कितव्या महिन्याला? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं ठेकेदाराचा माणूस पटापटा देतो. तिसऱ्याला तो मोबाइल काढतो. मी दुसरी शेगडी घ्यायची का नाही, ते त्याच्या तिसऱ्या उत्तरावर अडलंय.