गुलमर्गचा बर्फ आणि हवेचा अंदाज

हिवाळ्याच्या सुटींत काश्मीरला निघालेलें पुण्या-मुंबईकडील कुटुंब हवेच्या अंदाजांत एकच गोष्ट शोधतें : गुलमर्गला बर्फ किती पडणार? ‘साठ सेंटिमीटर’ असा आकडा दिसला कीं मुलें हरखतात, आणि पुढच्या दिवशीं ‘निरभ्र’ असा शब्द दिसला कीं वडील माणसें निश्चिंत होतात. वास्तविक हे दोन्ही निष्कर्ष उतावीळपणाचे आहेत. तो बर्फ कोणत्या उंचीवर, कोणत्या वाऱ्यांत आणि मुख्य म्हणजे कशावर पडणार, हें समजल्यावांचून आकड्याला फारसा अर्थ नाहीं. आणि मोठ्या हिमवृष्टीनंतरची स्वच्छ सकाळ ही पर्वतावर कित्येकदां सर्वांत जोखमीची असते.

काश्मीरचा हिवाळी बर्फ आपल्या मोसमी पावसाच्या कुळांतला नव्हे. भूमध्य समुद्राच्या बाजूनें निघून इराण-अफगाणिस्तानावरून पूर्वेकडे सरकणारे कमी दाबाचे प्रवाह तो आणतात. हवामानखातें त्यांस पश्चिमी विक्षोभ म्हणतें. पीर पंजालच्या रांगेला अडून ही दमट हवा वर चढते, थंड होते आणि आपलें ओझें टाकते. सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरास जें पावसाळ्यांत घडतें, त्याच जातीचा हा प्रकार. या विक्षोभांचा प्रवास लांबचा असल्यामुळें तीन-चार दिवस आधीं त्यांची चाहूल बऱ्यापैकीं लागते. दहाव्या दिवसाचा सेंटिमीटरांतला आकडा मात्र पंचांगांतील पर्जन्यफलापेक्षां फार भरंवशाचा समजूं नये.

उंचीचा हिशेब सोपा आहे, पण तोच बहुतेक विसरतात. गुलमर्गचें पठार समुद्रसपाटीपासून सुमारें २६५० मीटरांवर आहे. तेथून वर जाणाऱ्या गोंडोलाचा पहिला टप्पा १९९८ सालीं सुरू झाला. तो कोंगदूरीपर्यंत जातो. २००५ सालीं सुरू झालेला दुसरा टप्पा अफरवत पर्वताच्या धारेजवळ, सुमारें ३९५० मीटरांवर पोंचवितो. हवा दर हजार मीटरांस सरासरी साडेसहा अंशांनीं थंड होत जाते. म्हणजे पठारावर उष्णतामान एक अंश असतांना धारेवर तें उणे सात अंशांच्या आसपास असणार. ज्या उंचीवर उष्णतामान शून्य असतें, तिच्या खालीं दोन-तीनशें मीटरांपर्यंत हिमकण न वितळतां उतरूं शकतात, त्याखालीं पाऊसच. यास्तव बर्फाच्या आकड्याआधीं शून्य अंशाची पातळी पाहावी. ती २३०० मीटरांवर असेल तर गुलमर्गला हिम आणि श्रीनगरला पाऊस. तीच ३२०० वर चढली तर पठारावर हॉटेलच्या पायऱ्यांशीं चिखल होतो, अफरवतवर मात्र उत्तम बर्फ पडत असतो.

एक सेंटिमीटर पाण्याचा सुमारें दहा सेंटिमीटर ताजा बर्फ होतो, असा ठोकळ नियम आहे. कडाक्याच्या थंडींत तोच पंधरा-वीस होतो, पिंजलेल्या कापसासारखा हलका. शून्याच्या जवळपास पांच-सहाच, ओला नि जड. तेव्हां पाण्याचा अंदाज अचूक ठरूनही बर्फाचा आकडा दुपटीनें चुकूं शकतो. शिवाय अंदाज वर्तविणारें गणकयंत्र कित्येक किलोमीटरांच्या चौकोनास एकच उंची धरतें. त्याच्या दृष्टीनें अफरवत हा बोथट उंचवटा असतो. त्यावरील घळी, कडे, धार त्याला दिसतच नाहींत.

आणि वाऱ्याला तर तेवढेंच हवें असतें. तो समोरच्या उतारावरील बर्फ खरवडून काढतो व धारेच्या पाठीमागें आडोशाला नेऊन रचतो. आकडा तीस सेंटिमीटरांचा असला तरी एका जागीं खडक उघडा पडतो, तर शंभर पावलांवर पुरुषभर उंचीचा, घट्ट पण ठिसूळ थर बसतो.

आतां हा थर कशावर बसला, हा खरा प्रश्न. काश्मिरांत २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस चिल्लई कलान, म्हणजे कडक थंडीचा काळ, मानतात. या दिवसांत बर्फ थोडा पडला व पुढें आभाळ कोरडें राहिलें, तर त्या पातळ थराला खालून जमिनीची ऊब व वरून रात्रीचा गारठा असा ताण बसतो. बर्फांतील बाष्प वर सरकतें आणि तळचे कण वाढून जाड्या साखरेसारखे सुटे होतात. मूठ वळली तरी ते एकमेकांस धरीत नाहींत. साखरेच्या ढिगावर तिरकी फळी ठेवून तिच्यावर भार टाकीत जावें, तशी पुढच्या मोठ्या हिमवृष्टीनंतर उताराची अवस्था होते. भार पेलतो, पेलतो, आणि एका माणसाच्या वजनानें सबंध फळी निसटते. तीस ते पंचेचाळीस अंशांचे उतार यांत विशेष घातकी. स्की खेळणाऱ्याला आवडणारे उतारही नेमके तेच.

उदाहरणांसाठीं लांब जावयास नको. ८ फेब्रुवारी २०१० रोजीं गुलमर्गजवळ खिलनमर्ग येथें हिमस्खलनांत लष्कराच्या पर्वतयुद्ध-शाळेचे सतरा जवान मृत्यु पावले. ते कांहीं हौशी प्रवासी नव्हते. १ फेब्रुवारी २०२३ रोजीं अफरवतवर दोन पोलिश खेळाडू गेले. २०२४ चा जानेवारी जवळजवळ कोरडा गेला, फेब्रुवारींत भरपूर बर्फ पडला, आणि २२ तारखेस एका रशियन खेळाडूचा बळी गेला. उलट बाजूही आहे : २०२५ सालीं बर्फच पुरेसा नसल्यामुळें खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धांचा गुलमर्गचा भाग फेब्रुवारींतून मार्चमध्यें ढकलावा लागला.

म्हणून हिमवृष्टीच्या अंदाजाबरोबर हिमस्खलनाचा इशारा वेगळा पाहावा लागतो. संरक्षण खात्याची चंदीगड येथील संशोधनसंस्था तो जिल्हावार व उंचीवार देते. गुलमर्ग बारामुल्ला जिल्ह्यांत मोडतें. युरोपांत धोक्याच्या पांच पायऱ्या मानतात. पांचवीच्या दिवशीं कोणी बाहेर पडत नाहीं; सर्वांत अधिक माणसें तिसरीच्या दिवशीं दगावतात, कारण तिसरी ही मधली, म्हणून बेताची, असें वाटतें.

पठारावर घसरगाडींत बसणाऱ्या मुलाबाळांना यांतील पुष्कळशी चिंता नको. तेथें उतार सौम्य आहेत. दुसऱ्या टप्प्याचें तिकीट काढणाऱ्यानें मात्र आदल्या दोन दिवसांतला बर्फ, वारा आणि त्याआधींचे कोरडे आठवडे, तिन्हीं विचारून घ्यावेत. मोठा बर्फ पडून गेला कीं लख्ख ऊन असतांही हा टप्पा बंद ठेवतात. खालीं तिकिटाच्या खिडकीशीं प्रवासी आभाळाकडे बोट दाखवून तक्रार करीत असतात, आणि त्याच वेळीं वर धारेखालीं गस्तीचीं माणसें दोरीनें अंतर राखून उताराची परीक्षा घेत असतात.