घट बसले ते दसरा: कॉम्प्युटरची परतीची वाट



आज आपण कॉम्प्युटरविषयी बोलणार आहोत. कॉम्प्युटर म्हटलं की काही जणी म्हणतील, हे आमच्या कामाचं नाही, ते पोरांचं. पण आता बऱ्याच गटांचा हिशेब, लेबलं, कर्जाची पत्रकं कॉम्प्युटरवर असतात. कोणी नवा घेतलेला असतो, कोणी ठाण्या-डोंबिवलीच्या ऑफिसांतून निघालेला जुना कल्याणच्या दुकानातून आणलेला असतो. आमचाही तसाच आहे. त्याच्या पायी आमच्यावर काय वेळ आली ते आधी सांगतो, मग कामाची माहिती.

२०२५ चं नवरात्र होतं. २२ सप्टेंबरला घट बसले. आमच्या कॉम्प्युटरवर विंडोज १० होतं आणि पडद्यावर सारखी सूचना येत होती की १४ ऑक्टोबर २०२५ नंतर विंडोज १० ला मोफत सुरक्षा मिळणार नाही, विंडोज ११ घ्या. आमच्यातल्या एकीची लेक एमएस-सीआयटी झालेली. ती म्हणाली, मोफत आहे, घेऊन टाकू. चांगला दिवस पाहून आम्ही ते सुरू केलं. दोन तासांनी नवा पडदा आला, सगळ्यांना बरं वाटलं.

मग नाचणीच्या पापडाची लेबलं काढायला बसलो, तर प्रिंटर मुका. दिवाळीआधी डोंबिवलीच्या प्रदर्शनात माल ठेवायचा होता. आज बघू, उद्या बघू, सण झाल्यावर बघू, असं करता करता दसरा झाला. दसऱ्यानंतर दोन दिवसांनी आम्ही ठरवलं की जुनंच बरं होतं, परत जाऊ. परत जायचं बटण असतं हे त्या लेकीला माहीत होतं. पण आम्ही पाहिलं तेव्हा ते बटण गेलेलं होतं.

शेवटी कॉम्प्युटर पिशवीत बांधून मुरबाडहून एसटीने कल्याणला नेला. दुकानातल्या दादाने संध्याकाळपर्यंत विंडोज १० टाकून दिलं. प्रिंटर चालू झाला. पण गावी येऊन उघडतो तर हिशेबाची फाईल नाही, लेबलं नाहीत, काहीच नाही. सगळं पुसून नवं टाकलं होतं. आत काय आहे ते त्याने विचारलं नाही आणि आम्ही सांगितलं नाही. पेन ड्राइव्हवर जी प्रत होती ती जूनची. जुलै, ऑगस्ट आणि सप्टेंबर, तीन महिन्यांचा हिशेब गेला. आणि कॉम्प्युटर आल्यापासून आम्ही वही लिहिणं सोडलं होतं.

आता ही माहिती नीट समजून घेऊ.

ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे कॉम्प्युटरचा घर चालवणारा कारभारी. प्रिंटरला काम सांगणं, फाईल ठेवणं, कीबोर्डवरचं अक्षर पडद्यावर आणणं, सगळं तोच बघतो. विंडोज १० हा एक कारभारी, तो २९ जुलै २०१५ ला आला. विंडोज ११ हा दुसरा, तो ५ ऑक्टोबर २०२१ ला आला. आपण नवा घेतो तेव्हा जुना लगेच फेकला जात नाही. घर बदलल्यावर आपण जुनं सामान माळ्यावर टाकतो ना, तसं कॉम्प्युटर जुन्या विंडोजला एका फोल्डरमध्ये बांधून ठेवतो. त्या फोल्डरचं नाव ‘विंडोज डॉट ओल्ड’. परत जायचं बटण दाबलं की माळ्यावरचं सामान खाली येतं आणि पहिल्यासारखं लागतं.

पण हा माळा बरीच जागा अडवतो. म्हणून कॉम्प्युटर १० दिवसांनी तो आपणहून रिकामा करतो. मग खाली आणायला काही उरत नाही, म्हणून बटणही दिसत नाही. २०१५ मध्ये विंडोज १० आलं तेव्हा परतीला एक महिना मिळत होता. २०१६ पासून १० दिवस झाले, आणि विंडोज ११ लाही १० दिवसच आहेत. आमच्या बाबतीत घट बसले तेव्हा मोजणी सुरू झाली आणि दसऱ्याला संपली. तुम्हीही तसंच लक्षात ठेवा: घटस्थापना ते दसरा, एवढीच परतीची मुदत.

मुदत वाढवता येते. जाणकार माणूस एक आज्ञा देऊन ती ६० दिवसांपर्यंत नेऊ शकतो. पण हे पहिल्या १० दिवसांतच करावं लागतं. आणखी एक. जागा कमी पडते म्हणून कोणी ‘डिस्क क्लीनअप’ करून जुनं विंडोज पुसलं, तर १० दिवसांच्या आतही परत जाता येत नाही. म्हणून त्या दिवसांत साफसफाई करू नका.

आता मुदतीत असाल तर काय करायचं?

आधी सगळ्या फाईली पेन ड्राइव्हवर घ्या. परत जाताना आपल्या फाईली सहसा जागेवर राहतात, पण नव्या विंडोजवर आल्यानंतर जे प्रोग्राम टाकले असतील ते निघून जातात आणि बदललेल्या सेटिंग्ज जातात. नव्या विंडोजवर कोणाच्या नावाने नवं खातं उघडलं असेल तर ते आधी काढावं लागतं. जुन्या विंडोजचा पासवर्ड आठवत असला पाहिजे, नाहीतर परत जाऊन दारातच अडकाल.

मग ‘सेटिंग्ज’ उघडा. त्यात ‘सिस्टिम’, त्यात ‘रिकव्हरी’, आणि तिथे ‘गो बॅक’ असं बटण दिसेल. ते दाबलं की कॉम्प्युटर विचारतो, का परत जाता? कारण सांगा. मग विचारतो, आधी अपडेट बघायचं का? ‘नो’ म्हणा. पुढे सूचना वाचत जा आणि शेवटी होकार द्या. कॉम्प्युटर दोन-तीनदा बंद होऊन चालू होईल. या वेळात वीज जाता कामा नये. आपल्याकडे विजेचा भरवसा किती ते तुम्हाला ठाऊक आहे. लॅपटॉप असेल तर चार्जर लावूनच ठेवा, मोठा कॉम्प्युटर असेल तर इन्व्हर्टर किंवा यूपीएसवर घ्या. तेही नसेल तर वीज टिकते ती वेळ निवडा.

पण प्रत्येक दुखण्याला घर बदलायची गरज नसते. आम्हाला हे नंतर कळलं.

नवं विंडोज टाकल्यावर पहिले एक-दोन दिवस कॉम्प्युटर हळू चालतो. तो आतल्या आत फाईलींची यादी करत असतो, राहिलेली अपडेट घेत असतो. एवढ्यावर घाबरून परत फिरू नका.

प्रिंटर चालत नसेल तर बहुतेक वेळा दोष ड्रायव्हरचा असतो. ड्रायव्हर म्हणजे कारभारी आणि प्रिंटर यांच्यामधला दुभाषा. कारभारी बदलला आणि दुभाषा जुनाच राहिला की बोलणं तुटतं. सेटिंग्जमधून प्रिंटर काढून टाका, पुन्हा जोडा, आणि प्रिंटरच्या कंपनीने नव्या विंडोजसाठी ड्रायव्हर दिला आहे का ते बघा. आवाज किंवा इंटरनेट बिघडलं असेल तर ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये ‘रोल बॅक ड्रायव्हर’ असतं. त्याने तेवढाच दुभाषा जुना होतो, बाकी घर तसंच राहतं.

आणि कधी विंडोज तेच असतं, पण महिन्याचं अपडेट आल्यावर काहीतरी बिघडतं. तेव्हा तेवढं अपडेट काढता येतं. ‘विंडोज अपडेट’मध्ये ‘अपडेट हिस्ट्री’ आणि तिथे ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’.

म्हणजे आधी ड्रायव्हर, मग अपडेट, आणि तरी नाही जमलं तरच पूर्ण विंडोज परत. हे सगळं करून बघायला सात दिवस पुरतात. सातव्या दिवशी गटात बसून ठरवून टाका, राहायचं की परत जायचं. तीन दिवस हातात ठेवा.

मुदत टळली तर? मग एकच रस्ता उरतो. सगळं पुसून जुनं विंडोज नव्याने टाकायचं. दुकानात हेच करतात. म्हणून दुकानाची पायरी चढण्याआधी फाईलींची प्रत आपल्या हातात पाहिजे. दादाला स्पष्ट विचारा, “आमच्या फाईली पुसल्या जाणार का?” आणि हेही विचारा की टाकणार ते विंडोज अस्सल आहे की चोरीचं. ज्या कॉम्प्युटरवर आधी अस्सल विंडोज १० चालू होतं, त्याच्यावर तेच पुन्हा टाकायला सहसा नवा परवाना विकत घ्यावा लागत नाही.

मराठी लेबलांचंही सांगायला हवं. आमची लेबलं जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली होती. एक लेबल कोणाच्या तरी फोनवर सापडलं, ते कॉम्प्युटरवर घेतलं तर ‘नाचणी पापड’च्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा. कारण पुसताना तो फॉन्टही गेला. जुन्या फॉन्टमधलं मराठी तो फॉन्ट असेल तिथेच वाचता येतं. युनिकोडमधलं मराठी मात्र कुठल्याही कॉम्प्युटरवर आणि फोनवर दिसतं. आम्ही सगळी लेबलं आता युनिकोडमध्ये नव्याने केली.

आता परत त्या तीन महिन्यांकडे येतो. आमच्या गटाची बैठक भरली. प्रत्येकीचं पासबुक, बँकेचं पासबुक, पैसे भरल्याच्या पावत्या आणि बैठकीची वही मधोमध ठेवली. जुळवत गेलो. एका ताईचं काही जमेना. ती म्हणे, मी जुलैत कर्जाचे दोन हप्ते एकदम दिले, हजार रुपये. तिच्या पासबुकात नोंद नाही. भातलावणीचे दिवस, ती शेतातूनच पैसे देऊन गेली होती. ज्या सखीने घेतले तिला आठवत होतं, पण पक्कं सांगवत नव्हतं. बारा वर्षं एकत्र बसणाऱ्या आम्ही, त्या दिवशी कोणी कोणाकडे बघत नव्हतं. ती ताई रडली नाही, पण पुढच्या बैठकीला आली नाही.

तीन बैठकांनंतर उत्तर मिळालं. जुलैत बँकेत भरलेल्या रकमेची पावती काढली आणि बाकी सगळ्यांच्या पासबुकांतली बेरीज केली. बँकेत बरोबर हजार रुपये जास्त भरलेले होते. ते तिचेच. आम्ही सगळ्या तिच्या घरी गेलो आणि पासबुकात नोंद करून दिली. तिने चहा ठेवला. आम्हाला मात्र तो चहा जरा जड गेला.

गटाच्या पंचसूत्रीत नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि नियमित हिशेबलेखन अशी पाच सूत्रं आपण पाठ म्हणतो. पाचवं सूत्र आम्ही मशीनवर सोपवून मोकळ्या झालो होतो. आता पैसे घेतले की तिथल्या तिथे वहीत आणि पासबुकात नोंद होते, कॉम्प्युटरवर नंतर. बैठक संपली की फाईलीची प्रत दोन पेन ड्राइव्हवर जाते. एक अध्यक्षांकडे, एक दुसऱ्या पाड्यावरच्या सखीकडे. दोन्ही एका घरात ठेवत नाही. २६ जुलै २००५ ला कल्याण, बदलापूर भागात घराघरांत पाणी शिरलं, तेव्हा कपाटातलं आणि कपाटावरचं दोन्ही भिजलं होतं, हे आपल्यातल्या कितीजणींनी पाहिलं आहे.

मग जुन्यावरच राहायचं का? कायमचं नाही. विंडोज १० ची मोफत सुरक्षा १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. घरगुती वापरासाठी नोंदणी करणाऱ्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा ठेवली आहे. ती नोंदणी सेटिंग्जमधल्या ‘विंडोज अपडेट’मध्ये होते. नोंदणी नसेल तर त्या कॉम्प्युटरवर बँकेचं काम करू नका, अनोळखी पेन ड्राइव्ह लावू नका. आणि प्रत्येक जुन्या कॉम्प्युटरला विंडोज ११ झेपतंच असं नाही. त्याला किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते. जुना कॉम्प्युटर विकत घेताना दुकानात हे तीन प्रश्न जरूर विचारा.

आम्हीही पुन्हा विंडोज ११ वर जाणार आहोत. या वेळी प्रिंटरचा ड्रायव्हर आधी मिळवून ठेवला आहे, दोन प्रती तयार आहेत, आणि दिवाळीच्या तोंडावर नाही, कामं नसतील तेव्हा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या दिवसापासून सातव्या दिवसाला लाल खूण करणार आहोत.

तुमच्या पुढच्या बैठकीत एवढंच करा. कॉम्प्युटर उघडा, ‘सेटिंग्ज’, ‘सिस्टिम’, ‘अबाउट’ मध्ये कुठलं विंडोज आहे ते बघा, आणि हिशेबाची शेवटची प्रत कोणत्या तारखेची आहे ते सगळ्यांसमोर वाचा. आमची जूनची होती. तुमची कधीची आहे?