ह्यूबर्ट हम्फ्री – लेखांक ३ : चिठ्ठीचा कायदा

मागच्या लेखांकात आपण अमेरिकी राजकारणी हम्फ्रींच्या गावी, साउथ डकोटातल्या डोलंडला थांबलो होतो. कर्ज फेडण्यासाठी १९२७ साली हम्फ्री कुटुंबाला राहतं घर विकावं लागलं आणि वडिलांना रडताना ह्यूबर्टने पाहिलं, तिथे.

१९३१ मध्ये वडिलांनी औषधांचं दुकान साउथ डकोटातल्याच ह्यूरॉनला हलवलं. मंदीचे दिवस होते. ह्यूबर्ट मिनेसोटा विद्यापीठातलं शिक्षण अर्धवट सोडून वडिलांच्या मदतीला आले. औषधं द्यायची तर परवाना हवा, म्हणून त्यांनी डेन्व्हरच्या कॉलेजातला दोन वर्षांचा अभ्यासक्रम सहा महिन्यांत पुरा केला. पुढची काही वर्षं त्यांनी काउंटरमागे काढली. बाहेर धुळीची वादळं, आत हातात पैसा नसलेले शेतकरी. दुकानात माणसांच्या औषधांबरोबर डुकरांची औषधंही विकली जात. गावातली प्रत्येक अडचण आधी इथेच येऊन बोलली जायची. हम्फ्रींची राजकारणाची पहिली शाळा हीच, असं मला ठामपणे वाटतं.

१९३७ मध्ये ते पुन्हा विद्यापीठात गेले, १९४५ मध्ये मिनिआपोलिसचे महापौर झाले. १९४८ च्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या फिलाडेल्फिया अधिवेशनात कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांसाठी त्यांनी केलेल्या भाषणावर आपण सविस्तर येणारच आहोत. आज बोलायचं ते १९५१ च्या एका कायद्याबद्दल. चरित्रांमध्ये त्याला फारशी जागा मिळत नाही, आणि त्याची मला खंत वाटते.

कोणतं औषध डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही, हे तोवर अमेरिकेच्या कायद्यात स्पष्ट लिहिलेलंच नव्हतं. ते ठरवायचा कारखानदार. त्यामुळे एकच औषध एका कंपनीच्या बाटलीवर ‘फक्त चिठ्ठीवर’ आणि दुसरीच्या बाटलीवर खुल्या विक्रीसाठी, असं घडायचं. चुकलं तर कायद्याच्या कचाट्यात सापडायचा दुकानदार. हा पेच काउंटरमागे उभं राहिलेल्याला लगेच कळतो. सिनेटमध्ये, तोवर सिनेटर झालेले हम्फ्री आणि प्रतिनिधिगृहात नॉर्थ कॅरोलायनाचे कार्ल डरहॅम यांनी मिळून विधेयक आणलं. डरहॅमही पेशाने औषधविक्रेतेच!

सवय लावणारी, किंवा डॉक्टरच्या देखरेखीशिवाय घेणं धोक्याचं असलेली औषधं चिठ्ठीवरच मिळतील, हा त्याचा गाभा. तीच चिठ्ठी दाखवून पुन्हा औषध न्यायचं तर डॉक्टरची परवानगी लागेल. मात्र डॉक्टरने फोनवर सांगितलेलं औषधही चालेल, दुकानदाराने ते लगेच लिहून ठेवायचं. रात्रीअपरात्री दार ठोठावणारं गिऱ्हाईक पाहिलेल्या माणसालाच फोनची ही सोय सुचावी. अशा औषधांची यादी सरकारने करावी, ही तरतूद मात्र विरोधामुळे गळली आणि कायद्यात फक्त व्याख्या उरली. मला ती तडजोड कमकुवत वाटते. तरीही वाट पडली. आपल्याकडे गोळ्यांच्या पाकिटावर लाल रेघ आणि चिठ्ठीची सूचना असते. तिच्यामागचा विचार हाच.

२६ ऑक्टोबर १९५१ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी सही केली. तो दिवस पाहायला वडील नव्हते; ते १९४९ मध्येच गेले होते. ह्यूरॉनचं दुकान आता भाऊ राल्फ सांभाळत होता. ह्यूबर्टने केलेला कायदा त्याच्याही काउंटरला लागू झाला.