खारे पाणी, तिवर आणि पोहणारा उंट

समुद्राचे पाणी प्यायल्याने तहान भागत नाही, उलट ती वाढते. एक लिटर समुद्रजलात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि ते शरीराबाहेर टाकण्यासाठी मानवी मूत्रपिंडांना प्यायलेल्या पाण्याहून अधिक पाणी खर्च करावे लागते. गुजरातमधील कच्छच्या किनाऱ्यावर मात्र एक वृक्ष अशाच पाण्यात मुळे रोवून उभा असतो आणि एक प्राणी त्या वृक्षाच्या खारट पानांवर जगतो. वृक्ष म्हणजे कोकणात तिवर आणि कच्छमध्ये चेर या नावाने परिचित असलेली खारफुटी. प्राणी म्हणजे भरतीच्या पाण्यात पोहत जाणारा खाराई उंट.

पाणी नेहमी कमी क्षारांच्या बाजूकडून अधिक क्षारांच्या बाजूकडे झिरपते. या क्रियेस परासरण म्हणतात. त्यानुसार खाऱ्या चिखलाने वनस्पतीतील पाणी शोषून घ्यावयास हवे. तिवर हा धोका दोन प्रकारे टाळतो. चिखलातील बहुतांश क्षार मुळांपाशीच अडवले जातात. जे आत शिरतात, ते पानांवरील सूक्ष्म ग्रंथींतून बाहेर टाकले जातात. कोरड्या दिवशी पानांवर मिठाचे बारीक स्फटिक स्पष्ट दिसतात. शिवाय पेशींमध्ये विशिष्ट सेंद्रिय द्रव्ये साठवून हा वृक्ष पाणी आत खेचण्याची क्षमता टिकवून ठेवतो.

उंटाचे तंत्र निराळे आहे. त्याच्या मदारीत पाणी साठलेले असते, हा समज अद्याप प्रचलित असला तरी तो चुकीचा आहे. तेथे असते ती चरबी. उंटाचे खरे कौशल्य पाणी न गमावण्यात आहे. पाण्याची टंचाई असताना त्याच्या शरीराचे तापमान पहाटे ३४ अंश सेल्सियसपर्यंत उतरते आणि दुपारी ४० अंशांपर्यंत चढते, त्यामुळे घाम गाळण्याची वेळ लांबते. श्वासावाटे जाणारी वाफ नाकातच काही प्रमाणात थोपवली जाते आणि मूत्र अत्यंत संहत असते. शरीराचे वजन पाण्याअभावी २५ टक्क्यांपर्यंत घटले तरी तो तग धरतो. पाणी मिळताच काही मिनिटांत शंभर लिटरच्या आसपास पाणी तो पिऊ शकतो. इतर प्राण्यांच्या रक्तपेशी अशा वेळी फुटल्या असत्या. उंटाच्या लंबगोल तांबड्या पेशी मात्र न फुटता फुगतात.

तथापि गोड्या पाण्याची गरज खाराई उंटालाही आहेच. पावसाळ्यात बेटांवर साचलेले पाणी पुरते. इतर दिवसांत त्याला पुन्हा किनाऱ्यावर यावे लागते. फकिराणी जत आणि रबारी पशुपालकांनी जोपासलेल्या या उंटास २०१५ साली स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली.

तिवराच्या सहनशक्तीलाही मर्यादा आहे, आणि आजचा खरा प्रश्न तोच आहे. मिठागरांसाठी खाडीच्या तोंडाशी बांध घातले की भरती-ओहोटीची ये-जा थांबते. अडलेले पाणी उन्हाने आटते, क्षार मात्र मागे उरतात. चिखलातील क्षारता समुद्राहूनही कितीतरी वाढते आणि मुळांना पाणी खेचता येईनासे होते. कुऱ्हाड न लावताही वृक्ष उभ्या उभ्या वाळतात, आणि उंटांचा चाराही त्यांच्याबरोबर नाहीसा होतो.

कच्छच्या उंटपालकांनी या विरोधात राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे दाद मागितली. २०१९ साली न्यायाधिकरणाने खाड्यांमधील अडथळे दूर करून कांदळवनाचे पुनरुज्जीवन करण्याचे आदेश दिले. अशा ठिकाणी केवळ रोपे लावून भागत नाही. प्रथम भरतीचे पाणी आत येऊन साठलेले क्षार धुऊन न्यावे लागतात. त्यानंतर तिवराची अंकुरलेली फळे त्याच पाण्यावर तरंगत येतात आणि चिखलात आपोआप रुजतात.